साल मोडताना

आमच्या मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं आन् पुढच्या पाडव्याला फिटतं. अण्णांनी अशी बावीस सालं धरली, एकही मधी मोडलं नाही. ते म्हणायचे, "गड्यानं साल मोडलं की मालक दुसरा गडी बघतो. हाल होत्यात ते बैलांचे. नव्या हाताला त्यांची खोड ठावं नसती."

मी डीएमएलटी करून तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात लॅबला लागलो. पावसाळ्यात सर्पदंशाचे पेशंट वाढतात म्हणून दिवाळीपर्यंत राहीन, असा डॉक्टरांना शब्द दिला होता. पण 2017 च्या जुलैत लातूरला नीटची बॅच सुरू झाली आणि डॉक्टर व्हायचं वेड गप बसू देईना. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "जा. फक्त आठ दिवस थांब, नव्या पोराला तयार कर." मी दोनच दिवस थांबलो. फिजिक्सचा एक धडा बुडेल, ही भीती.

जाताना पोराला वीस मिनिटांची तपासणी दाखवली. शिरेतलं 2 मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. गोठलं नाही तर घोणस-फुरशासारखं विष समजायचं. नळी साबणानं धुतलेली नको, हे सांगायचं राहिलं. साबणाचा अंश असला तर चांगलं रक्तही गोठायचं राहतं.

पंधरा दिवसांनी त्या पोराचा फोन आला. खुरपायला गेलेल्या एका बाईला साप चावला होता. नळी धुतलेली होती. रक्त गोठलं नाही म्हणून सापाची लस चालू केली. लशीनं बाईच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. डॉक्टरांनी ॲड्रेनालिन देऊन वाचवली. मग नव्या नळीत तपासलं, तर रक्त गोठलं.

मी मनाला समजवायचो, उद्या डॉक्टर होऊन हजारो पेशंट बघीन, त्यापुढं आठ दिवस काय? पण ते हजार पेशंट नुसते माझ्या मनात होते. ती बाई खाटेवर होती.

नोकरी सोडली ही चूक मला आजही वाटत नाही. अण्णांच्या बावीस सालांत मालकाचं रान पिकलं. मी तसंच राबावं, असं अण्णांनाही वाटत नव्हतं. चुकले ते आठ दिवस. डॉक्टरांचा शब्द मोडला, तर त्यांची माफी मागता आली. त्या बाईचं आपल्याकडं काही देणं लागतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिची माफी कुठं मागायची?

बुडालेला धडा तर शेजारच्या पोराच्या वहीतून एका रात्रीत उतरवता आला असता.

आता मी एमबीबीएस आहे. परवा आमच्या नर्सताई पुढच्या शिक्षणासाठी राजीनामा घेऊन आल्या. मी सही केली आणि विचारलं, "ताई, आठ दिवस थांबाल का?" मग त्या आठ दिवसांत त्यांचा अभ्यास बुडू नये म्हणून रात्रपाळी कुणी घ्यायची, तेही बसून ठरवलं.