आपल्या पायांनी लेणी पाहा



धम्मदीक्षा घेतल्यावर पुष्कळ घरांतून एक प्रश्न येतो. पूर्वी जेजुरी होती, शिखर शिंगणापूर होते. आता वर्षातून एकदा घराबाहेर पडायचे ते कुठे? बोधगया-सारनाथला जाण्याइतका पैसा मजुराच्या घरात नसतो. मी म्हणतो, आधी आपल्याच पुणे जिल्ह्यात फिरा, आणि कोणाच्या मागे न लागता स्वतः फिरा. भगवंतांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे या आणि पाहा. ऐका आणि माना, असे नव्हे.

मागच्या वर्षी मी आईला घेऊन निघालो. इंदापूरहून पहाटेच्या एस.टी.ने पुणे, तेथून लोणावळ्याची लोकल. आधी देहूरोडला उतरलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जेथे स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते विहार तेथे आहे. वंदना केली आणि पुन्हा लोकलने मळवली गाठली. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले.

कार्ल्याच्या पायऱ्यांवर नारळ-कोंबडी घेतलेली माणसे भेटतात. ती एकवीरेला जातात. त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण ‘आलोच आहोत तर’ म्हणून नवस बोलण्याचा मोह आपल्याच माणसांना होतो, हे घरच्या अनुभवाने सांगतो.

चैत्यगृहाच्या दारात आई थांबली. तिकीट हातात, पण पाऊल उचलेना. “आत जायाचं का रं? कुनी काय म्हनंल?”

मला दौलताबाद आठवले. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, एवढ्यावरून सर्वांना घेरण्यात आले. अखेर किल्ल्यात सोडले ते बरोबर शिपाई देऊन, पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. बॅरिस्टर माणसाची ही गत. मग माझ्या आईचे पाय दारात अडखळले तर तिला काय हसायचे?

मी तिला दाराची हकीकत सांगितली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तेथील लेख म्हणतो की हे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केले. आतल्या खांबांवर यवनांची, म्हणजे परदेशातून आलेल्यांची, दाने कोरलेली आहेत.

“सुताराचं नाव? आन् त्येबी हितं?” माझे वडील जन्मभर गवंड्याच्या हाताखाली राबले, त्यांचे नाव कुठल्याच भिंतीवर नाही. आई आत गेली, एकेका खांबाला हात लावीत थेट स्तूपापर्यंत. वर छताच्या लाकडी कमानी अजून जुन्याच आहेत, त्या मी दाखवल्या. तिचे लक्ष खांबांकडेच होते.

दिवाळीच्या सुट्टीत जुन्नरला जायचे ठरते आहे. लेण्याद्रीला लोक गिरिजात्मज गणपतीसाठी चढतात, पण तो गणपती बसला आहे तेही भिक्षूंचे विहारच. शेजारच्या चैत्यगृहात स्तूप आहे. बारामती-इंदापूरकडच्या ज्यांना यायचे असेल त्यांनी मुलांना वही-पेन्सिल द्यावी आणि भाकरी घरूनच बांधून घ्यावी.