अनावश्यक कोणाला?

‘डॅम स्मॉल लिनक्स’ या संगणकप्रणालीच्या कर्त्यांनी स्वतःवर ५० मेगाबाइटांची मर्यादा घालून घेतली होती. २०२४ मध्ये ती नव्याने अवतरली तेव्हा ही मर्यादा ७०० झाली. पेनड्राइव्हच्या इवल्या जागेत प्रणाली बसवायची, तर काय गाळावे हा प्रश्न येतोच. ‘बिझीबॉक्स’ने शेकडो आज्ञा एकाच फाइलीत सामावल्या, त्या काटकसरीत कोणाचे फारसे गेले नाही. एरवी कात्री प्रथम चालते ती साहाय्यपृष्ठांवर, भाषांतरांवर आणि फाँटांवर. इंग्रजी तेवढी राहते. देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन. वास्तविक देवनागरीचा साधा फाँट दोन-तीनशे किलोबाइटांचा, म्हणजे त्या पन्नासांतला शंभरावा हिस्साही नव्हे. तेव्हा अडचण जागेची नाही, अनावश्यक काय ते ठरवणाऱ्याच्या दृष्टीची आहे. फाँट मागाहून बसवता येतो खरा. पण तो कसा बसवावा याच्या सूचनाही बहुधा इंग्रजीतच असतात.