सांजवेळ आणि छोटे पक्षी

सूर्य कलला की पक्ष्यांच्या फोटोचे गणित झपाट्याने बिघडते. भर उन्हात एफ ५.६ आणि आयएसओ ४०० वर १/३२०० सेकंदाचे शटर सहज मिळते. सूर्यास्ताच्या सुमाराला झाडीत प्रकाश त्याच्या शंभराव्या हिश्श्यावर येतो आणि त्याच सेटिंगला शटर १/३० पर्यंत घसरते. झाडीत भिरभिरणाऱ्या नाचणाचा अशा वेळी नुसता फराटा उमटतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय हाताची थरथर आवरते, पक्ष्याची हालचाल नाही.

मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवाळपणा येतो. त्याचे खापर आयएसओवर फोडण्याची रीत आहे, पण मूळ कारण प्रकाशाचा तुटवडा. प्रकाशकण सेन्सरवर सारखे पडत नाहीत. ते जितके कमी, तितका हा विस्कळीतपणा डोळ्यांत भरतो. प्रकाश चौपट घटला की उपयोगी संकेताच्या मानाने रवा दुप्पट होतो. आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळपट फोटो घ्यायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, या काटकसरीने रवा काही कमी होत नाही. रवाळ फोटो निदान खरा असतो. रवा पुसणारी सॉफ्टवेअरे फार ताणली तर पक्ष्याच्या अंगावर नसलेली पिसेही रेखतात. अभ्यासाच्या दृष्टीने ही सफाई महागात पडते.

एफ ४ ची लेन्स एफ ५.६ पेक्षा दुप्पट प्रकाश घेते, पण तिचे वजन आणि किंमत दोन्ही जड. त्यापेक्षा पक्ष्याची सवय ओळखणे स्वस्त पडते आणि बहुधा जास्त कामाला येते. माळावरचा गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर बसतो, जमिनीवर झेपावून किडा टिपतो आणि पुष्कळदा त्याच शेंड्यावर परततो. बसल्यावर शेपटी झटकून तो क्षणभर थांबतो. त्या थांब्यात १/१२५ सेकंदही पुरते. मात्र लेन्स बीनबॅगवर टेकलेली हवी आणि एका दमात पाच-सहा फोटो घ्यायला हवेत, म्हणजे त्यांतला एखादा तरी रेखीव निघतो. नाचणाला असा थांबा जवळजवळ नाहीच. प्रकाश उतरल्यावर त्याच्या मागे न लागणे बरे.

फ्लॅशने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण छोट्या पक्ष्याच्या शरीरातली उष्णता लवकर निघून जाते आणि रात्र काढण्यापुरते खाणे अंधारापूर्वी उरकावे लागते. या घाईत त्याला फ्लॅशने दचकवून उडवणे म्हणजे त्याचा घास हिरावणे. वेडे राघू मावळतीला एका झाडावर जमून फांदीवर खेटून बसतात. जवळ गेल्यास सगळा थवा उठतो. त्यांच्यासाठी लांबूनच छायाकृती घ्यावी: एक्सपोजर मागच्या उजळ आकाशाचे मोजायचे, म्हणजे शटरही बऱ्यापैकी जलद मिळते. पक्षी आडवा दिसला पाहिजे, नाहीतर बाकदार चोच आणि शेपटीतून बाहेर आलेली सुईसारखी पिसे ओळखू येत नाहीत.