नेत्रिकेपाशी रांग

लॉस एंजेलिस शहराच्या डोक्यावर माउंट विल्सन नावाचा डोंगर आहे. तिथली शंभर इंची हूकर दुर्बीण १९१७ साली सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षं जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९२३च्या ऑक्टोबरात एडविन हबलनं तिच्यातून घेतलेल्या एका काचपट्टीवर देवयानी दीर्घिकेतला एक रूपविकारी तारा ओळखला. त्या एका ठिपक्यामुळे आपली आकाशगंगा म्हणजेच अख्खं विश्व, ही समजूत संपली.

आज ही दुर्बीण रात्रीच्या भाड्यानं मिळते. काही हजार डॉलर द्यायचे, मित्रमंडळी जमवायची. दुर्बीण फिरवायला वेधशाळेचा माणूस असतो, आणि आपण आळीपाळीनं नेत्रिकेला डोळा लावायचा. शेजारची साठ इंची (१९०८) त्याहून स्वस्तात पडते. ती हौशी लोकांत जास्त लोकप्रिय आहे.

ही सोय झाली कशी, ते मजेशीर आहे. खालचं शहर वाढत गेलं, त्याच्या दिव्यांनी आकाश उजळलं, फिकट दीर्घिकांचा अभ्यास तिथून अवघड झाला. १९८५ साली कार्नेगी संस्थेनं शंभर इंचीचं काम थांबवलं. पुढे ती पुन्हा चालू झाली, पण आघाडीचं संशोधन केव्हाच दुसऱ्या डोंगरांवर गेलं होतं. म्हणजे नागरिकांच्या दिव्यांनी दुर्बीण शास्त्रज्ञांच्या हातून काढून घेतली आणि नागरिकांच्याच हाती दिली.

हे योग्य झालं का? मोठी दुर्बीण नुसत्या पाहणाऱ्यांना द्यावी का, आणि द्यावी तर कशाच्या जोरावर? ‘पाहणारा’ म्हणजे ज्याला काही मोजायचं नाही, शोधायचं नाही, निबंध छापायचा नाही, असा माणूस.

आधी एक गैरसमज दूर करू. आज आघाडीवर असलेल्या दुर्बिणींच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही, कारण त्यांना नेत्रिकाच नसते. आरशानं गोळा केलेला प्रकाश डिटेक्टरवर पडतो आणि शास्त्रज्ञ दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या खंडात, पडद्यासमोर बसलेला असतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या वेळेसाठी उपलब्ध तासांच्या साधारण नऊपट मागणी येते. तिथे हौशी माणसानं जागा मागायची तर ती ‘पाहायला’ नव्हे, काम करायलाच मागावी लागेल. तसा प्रयोग झालेलाही आहे. हबल दुर्बिणीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रिकार्दो जाकोनी यांनी १९८६ साली, दुर्बीण अवकाशात जायच्याही आधी, आपल्या अखत्यारीतला थोडा वेळ हौशी खगोलप्रेमींसाठी जाहीर केला. अर्ज आले, छाननी झाली, मोजक्यांची निवड झाली. नव्वदच्या दशकातच ती योजना बंदही पडली. उदार कल्पना होती, यात शंका नाही. पण त्या दारातून आत जाताना हौशी माणसाला छोटा शास्त्रज्ञ व्हावं लागत होतं. नुसतं पाहणाऱ्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

त्याच्या बाजूनं नेहमी तीन युक्तिवाद केले जातात. मला तिन्ही लंगडे वाटतात.

पहिला: पैसा आमचा आहे. हूकर, कार्नेगी, लिक ही खाजगी धनिकांची नावं आहेत, तेव्हा अमेरिकेतल्या जुन्या दुर्बिणींना हा मुद्दा लागूच होत नाही. पण सरकारी पैशानं उभ्या राहिलेल्या दुर्बिणीलाही तो पुरत नाही. सरकारी इस्पितळ आपल्या करांतून चालतं म्हणून कोणी ऑपरेशन थिएटरमध्ये डोकावायला जात नाही. पैसे दिल्यानं हिशेब मागायचा हक्क येतो; उपकरण हाताळायचा आपोआप येत नाही.

दुसरा: मुलांना प्रेरणा मिळते, त्यातून उद्याचे शास्त्रज्ञ घडतात. हा तर अनुदानाच्या अर्जात हमखास असतो. पण तो खरा मानला तर रांगेत उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजींचं काय? त्या काही शास्त्रज्ञ होणार नाहीत. त्यांना नातवाच्या मागून, उपकार म्हणून पाहू द्यायचं का? शिवाय उद्या कोणी आकडे काढून दाखवले की प्रेरणाबिरणा फारशी मिळत नाही, तर त्याच दिवशी घुमटाला कुलूप लागेल. फायद्यावर उभा केलेला हक्क फायद्याबरोबरच जातो.

तिसरा सर्वांत लोभस आहे: आकाश पाहून माणूस सुधारतो, नम्र होतो. याची मोठी साक्ष म्हणजे ग्रिफिथ जे. ग्रिफिथ. खाणींच्या धंद्यात पैसा मिळवलेला लॉस एंजेलिसचा हा धनाढ्य माणूस माउंट विल्सनच्या साठ इंचीतून पाहून इतका भारावला, की सगळ्या मानवजातीला यातून पाहता आलं तर जगात क्रांती होईल, अशा अर्थाचं काही तो बोलला, असं सांगतात. १९१२ साली त्यानं शहराला सार्वजनिक वेधशाळेसाठी एक लाख डॉलर देऊ केले. शहरानं काचकूच केली, आणि तिला कारण होतं. १९०३ साली या गृहस्थानं आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर गोळी झाडली होती. टीना ग्रिफिथ हॉटेलच्या खिडकीतून उडी टाकून वाचली, पण तिचा उजवा डोळा गेला. तो दोनेक वर्षं तुरुंगात राहून सुटला. अखेर १९१९ साली तो मेल्यावर मृत्युपत्रातल्या पैशातून वेधशाळा झाली. १९३५ साली ती उघडली. तिथली बारा इंची झाइस दुर्बीण फुकट पाहता येते, आणि जगात सर्वाधिक माणसांनी जिच्यातून पाहिलं ती हीच, असं वेधशाळा सांगते.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरता येते. साठ इंचीतून त्यानं पाहिलं ते तुरुंगातून सुटल्यावर, तेव्हा पाहून तो सुधारला असंही म्हणायची सोय आहे. मला ते म्हणवत नाही. ज्याच्या हातून एक डोळा गेला त्यानं लाखो डोळ्यांची सोय केली, यात जमाखर्च जुळवायचा मोह होतो, पण टीनाच्या खात्यात त्यातलं काहीच जमा होत नाही. आकाश पाहणारे लोक इतरांपेक्षा सज्जन असतात असं मला आढळलेलं नाही. खगोलप्रेमी मंडळांतली भांडणं जवळून पाहिलेल्या कोणालाही ते आढळणार नाही.

मग उरतं काय? त्याआधी पाहणाऱ्याला मिळतं काय, ते बघू. कारण अपेक्षाभंगाची शक्यता मोठी आहे. मोठी दुर्बीण म्हणजे छायाचित्रातले गुलाबी-निळे तेजोमेघ, ही कल्पना घेऊन माणूस वर चढतो. पण अंधूक उजेडात आपल्या डोळ्याला रंग जवळजवळ दिसतच नाहीत. त्यात प्रकाशशास्त्राची एक कडक अट आहे. आरशानं गोळा केलेला सगळा प्रकाश डोळ्यात शिरायचा, तर नेत्रिकेतून निघणारा झोत बाहुलीपेक्षा रुंद असून चालत नाही. आणि बाहुली काळोखातही फार तर सातेक मिलिमीटर उघडते. म्हणून साठ इंचीला किमान सव्वादोनशेपट मोठं करून दाखवावंच लागतं. जेवढा प्रकाश वाढतो तेवढाच तो पसरतो. तारे झगझगीत होतात, पण दीर्घिकेचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याला जेवढा उजळ दिसेल त्याहून उजळ कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. फक्त मोठा दिसतो. मिळतो तो तपशील: तारकागुच्छ गाभ्यापर्यंत सुटा होतो, धुळीचे पट्टे दिसतात, एखाद्या छोट्या तेजोमेघात हिरवट छटा जाणवते. फोटोच्या मानानं हे अगदीच कमी आहे.

आणि तरी शनीची कडी पहिल्यांदा पाहणारा माणूस नळीच्या पुढच्या टोकाला कोणी चित्र तर चिकटवलं नाही ना, हे बघायला जातो. आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणारा प्रत्येक जण ही हकीकत सांगतो, आणि बहुतेक जण हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या माणसाला कडी असतात हे शाळेपासून माहीत आहे. त्याच्या माहितीत काडीची भर पडलेली नाही. बदललं ते एवढंच, की आजवर तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून होता आणि आता नाही. म्हणून तर तो नळी तपासायला गेला!

माझ्या मते हक्काचं मूळ इथे आहे. विज्ञान आपल्याकडे विश्वास मागतं तो गुरू, ग्रंथ किंवा गादी यांच्या नावानं नव्हे. त्याचं म्हणणं असं, की शंका असेल तर या, स्वतः पाहा. १६१०च्या एप्रिलमध्ये गॅलिलिओ आपली दुर्बीण घेऊन बोलोन्याला गेला आणि तिथल्या विद्वानांना त्यानं गुरूचे उपग्रह दाखवायचा प्रयत्न केला. बऱ्याच जणांना ते दिसलेच नाहीत. प्रयोग फसला, पण पायंडा पडला: दावा करणाऱ्यानं विरोधकाच्या हाती उपकरण द्यायचं. पुढच्या चारशे वर्षांत हे आमंत्रण हळूहळू कागदावरच राहिलं. आज आपण कृष्णविवरांवर विश्वास ठेवतो तो बहुतांशी शब्दप्रामाण्यानंच. दुसरा इलाजही नाही. मात्र जिथे ते आमंत्रण खरं करणं शक्य आहे तिथे ते न करणं हा शब्द मोडणं आहे. आजींचा हक्क या शब्दावर उभा आहे. त्यासाठी त्यांनी कर भरलेला असण्याची किंवा पुढे काही होऊन दाखवण्याची गरज नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की शनीची कडी चार इंची दुर्बिणीतूनही दिसतात. मोठी कशाला हवी? कड्यांपुरतं खरं आहे. पण दीर्घिकांना सर्पिल बाहू असतात, हे १८४५ साली लॉर्ड रॉसनं आयर्लंडमध्ये बहात्तर इंची दुर्बिणीला डोळा लावून शोधलं. तेव्हा छायाचित्रं नव्हती. कागदावर पेन्सिलनं काढलेली एम ५१ची चित्रं होती. ते स्वतः पडताळायचं तर चांगलं काळं आकाश आणि बरीच मोठी दुर्बीण लागते.

या सगळ्याची किंमत पडते, आणि ती लपवू नये. कॅलिफोर्नियातली लिक वेधशाळा १८८८ साली सुरू झाली, तेव्हापासून तिथली छत्तीस इंची दुर्बीण शनिवारी रात्री लोकांसाठी खुली असे. त्याच वेधशाळेत एडवर्ड बर्नार्ड नोकरीला होता. नॅशव्हिलच्या फोटो स्टुडिओत लहानपणापासून राबलेला, धूमकेतू शोधत वर आलेला गरीब घरचा मुलगा. छत्तीस इंचीवर त्याला वेळ मिळेना. संचालकाशी भांडून त्यानं अखेर आठवड्यातली एक रात्र मिळवली, शुक्रवारची. ९ सप्टेंबर १८९२, शुक्रवारी, त्याला गुरूचा पाचवा उपग्रह दिसला. केवळ डोळ्यानं पाहून लागलेला ग्रहाच्या उपग्रहाचा तो शेवटचा शोध. शनिवारी रांगेत असलेल्या लोकांचा हक्क मान्य करायचा, तर बर्नार्डच्या न मिळालेल्या रात्रींकडे बघून करायचा. मी तरीही मान्य करीन, पण आठवड्याला एका संध्याकाळीपुरता. आणि दुर्बीण आघाडीवरून निवृत्त झाली की मात्र पहिला मान पाहणाऱ्याचा. हजारो डॉलर मोजू शकणाऱ्याचाच नव्हे. माउंट विल्सनच्या व्यवस्थेत मला हेच खटकतं, जरी त्या भाड्यातून जुन्या यंत्राची देखभाल निघते हे कळत असलं.

जपानच्या ह्योगो प्रांतातल्या निशी-हारिमा वेधशाळेनं वाटणी वेगळी केली आहे. तिथली नायुता दुर्बीण दोन मीटरची, २००४ सालची. संध्याकाळी आलेल्या लोकांना दाखवायचं आणि ते गेले की रात्रभर संशोधन करायचं, या हिशेबानंच ती बांधली. आपल्याकडे पुण्याहून ऐंशीएक किलोमीटरवर, घोडेगावजवळच्या गिरवलीला, २००६ पासून तेवढ्याच आकाराची दुर्बीण आहे, ती संशोधनासाठी. बांधून झालेल्या दुर्बिणीला नंतर नेत्रिका बसवणं सोपं नसतं. हा निर्णय आराखड्याच्या कागदावरच व्हावा लागतो, आणि त्या बैठकीला पाहणाऱ्यांच्या वतीनं सहसा कोणी नसतं.

खुद्द पुण्यातही एकदा मोठी दुर्बीण होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक नेगमवालांनी वेधशाळा उभारली. तिथली वीस इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण सुटी करून कोडाईकनालला पाठवली गेली. पुण्यातल्या हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली ती १९४४ साली. तोपर्यंत दुर्बीण जाऊन बत्तीस वर्षं झाली होती.