अतिथी आणि पंक्ती

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते, तो अतिथी. तैत्तिरीय उपनिषदाने माता, पिता व आचार्य यांच्या जोडीने त्यालाही देवाची पदवी दिली आहे. परंतु दारी आलेल्यास अन्न दिले की आतिथ्य पुरे झाले काय, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

रशियन भाषेत आतिथ्याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच 'भाकर-मीठ' असा आहे. सन्मान्य पाहुण्यापुढे नक्षीदार वस्त्रावर भाकर व मीठ धरण्याची तेथे रीत आहे. पाहुणा भाकरीचा तुकडा मोडतो, मिठाला लावून खातो आणि परकेपणा तेथेच सरतो. आपणही खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतो.

याच रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल बंदरी उतरला व जुन्नरमार्गे बिदरास गेला. तेथील हिंदूंशी त्याचा स्नेह जडला. त्यांनी आपला आहार, व्यवहार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपविली नाही. पर्वतक्षेत्राच्या यात्रेलाही तो त्यांच्यासमवेत गेला. मात्र हे लोक परक्याबरोबर जेवत नाहीत, इतकेच काय, आपसांतही एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर जेवत नाही, असेही त्याने नमूद करून ठेवले. मन मोकळे, पण पंक्ती बंद, असे हे चित्र आहे.

यावर कोणी म्हणेल की, सोवळे हाही एक नियमच होता आणि कोरडा शिधा देणे हेही आतिथ्यच. ते खरे आहे. पण नियम कोणाचा, हे पाहिले पाहिजे. अतिथीचा नियम सांभाळून त्याला शिधा देणे हा त्याचा मान होय. स्वतःच्या मोठेपणासाठी त्याला दूर बसविणे हा त्याचा अपमान होय. श्राद्धाचे अन्न भुकेलेल्या अंत्यजांना वाढणाऱ्या एकनाथमहाराजांची कथा आपण भक्तीने ऐकतो. ती ऐकून आपल्या पंक्तीत काय बदलले, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

आपले जैनथ पैनगंगेच्या अलीकडे, मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषांच्या शेजारात वसले आहे. कार्तिकातील उत्सवात लक्ष्मीनारायणाच्या दर्शनास येणाऱ्यांत आपली भाषा न जाणणारेही असतात. त्यांना अन्न मिळतेच. उणीव राहते ती शेजारच्या जागेची. म्हणून प्रत्येक कुटुंबाने उत्सवात एक पान अधिक मांडावे, आणि ते आपल्या पानाशेजारी मांडावे. नावगाव जेवण झाल्यावर विचारता येईल.