‘वय झालें’ हें निदान नव्हे

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ भाजीपाला वाहून नेण्याचा धंदा करितात. त्यांची डिझेलवर चालणारी पिकअप गाडी बरीच जुनी आहे. सपाटीवर ती विनातक्रार धांवे. परंतु पुण्याहून साताऱ्याकडे जातांना, भरल्या मालानिशीं खंबाटकीचा घाट निम्मा चढला कीं तिचा जोर ओसरे. पंधरा-वीस मिनिटें थांबल्यावर ती पुन्हां पूर्ववत् ओढूं लागे. ‘गाडीचें वय झालें, इंजिन खोलावें लागेल,’ असा निर्वाळा त्यांस एका गॅरेजांत मिळाला. खर्चाचा आंकडा ऐकून गाडी मोडींत काढावी असें त्यांच्या मनानें घेतलें. गाडी गेली म्हणजे धंदाही गेला, हें उघडच होतें.

येथें एक प्रश्न उद्भवतो. ‘वय झालें’ असें म्हणतांना आपण कारण सांगतों, कीं कारण शोधण्याच्या कष्टांतून आपली सुटका करून घेतों?

झिजलेल्या इंजिनाचीं लक्षणें ठराविक असतात. तें सकाळीं लवकर सुरू होत नाहीं, निळा धूर सोडतें, आणि सपाटीवरही दुबळेंच असतें. थोड्या विश्रांतीनें झिजलेल्या रिंगा कांहीं भरून येत नाहींत. हवेची गाळणी तुंबली तर धूर काळा येतो. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाहीं. ब्रेक धरत असेल तर चाक तापतें. यांपैकीं एकही लक्षण या गाडींत नव्हतें. तेव्हां इंधन पुरेसें पोंचत नसावें, हा तर्क उरला.

पुढें एका वृद्ध मिस्त्रींनीं एवढेंच सांगितलें, “घाटांत गाडी दमली कीं टाकीचें झाकण सैल करून पाहा.” तसें करतांच हवा आंत शिरल्याचा सुस्कारा ऐकूं आला व गाडी लगेच चढूं लागली. झाकणांतील हवेचें बारीक छिद्र धुळीनें बुजलें होतें. डिझेल उपसलें जाई, पण त्याच्या जागीं हवा येत नसे; त्यामुळें टाकींत पोकळी होऊन पंपास डिझेल ओढवेना. चढणीवर डिझेल अधिक लागे, म्हणून दोष तेथेंच प्रकट होई. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपे. छिद्र साफ करण्यास एक तार पुरली.

आयुर्वेदानें रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांत ‘उपशय’ हें एक आहे. लक्षणें गूढ असतां एखादा उपचार करून पाहावा, व त्यानें आराम पडतो कीं नाहीं यावरून रोग ठरवावा. मिस्त्रींनीं नकळत हेंच केलें. मात्र असा प्रयोग एका वेळीं एकच करावा. चार भाग एकदम बदलले तर पैसे चारांचे जातात आणि ज्ञान एकाचेंही होत नाहीं.

कोणी म्हणेल, वार्धक्य काय खोटें आहे? नाहीं. इंजिन खरोखरच झिजतें, आणि सिलिंडरमधील दाब मोजून तें ठरवितांही येतें. पण मोजून काढलेला निष्कर्ष वेगळा, आणि वय पाहून केलेला तर्क वेगळा. वार्धक्य हें शोधाच्या अंतीं येणारें उत्तर असूं शकेल. शोध टाळण्याची सबब तें होऊं नये.

हें लिहितांना आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट टोंचते. आमच्या आत्याबाई जिना चढतांना मध्येंच पायरीवर बसत. ‘आतां वय झालें,’ असें आम्ही म्हणत असूं, आणि त्याही हंसून मान डोलावीत. दोन वर्षांनीं दुसऱ्याच कारणासाठीं रक्त तपासलें, तेव्हां रक्तक्षय निघाला. औषधोपचारानें त्या कांहीं महिन्यांत पुन्हां गच्चीवरच्या तुळशीस स्वतः पाणी घालूं लागल्या. आमच्या बोलण्यांत प्रेमाचा अभाव नव्हता. अभाव होता तो विचारपूस करण्याच्या कष्टाचा. परंतु त्यांचीं तीं दोन वर्षें जिन्यांतच गेलीं, आणि तीं आम्हांस परत देतां येत नाहींत.