पंज्याची पकड कोण ठरवतो?

मॉलमधल्या गेम झोनमध्ये काचेच्या पेटीत टेडी रचून ठेवलेले असतात. त्यांच्यावर तीन बोटांचा पंजा लोंबकळतो. कार्ड टेकवायचे, जॉयस्टिकने पंजा टेडीच्या डोक्यावर आणायचा, बटण दाबायचे. पंजा उतरतो, टेडीला कवेत घेतो, उचलतो आणि वर पोचता पोचता त्याची बोटे सैल पडतात. ‘थोडक्यात हुकले!’ मूल म्हणते. शेजारी उभे असलेले आईबाबाही तेच म्हणतात आणि कार्ड पुन्हा टेकवले जाते. पुष्कळदा मात्र ते थोडक्यात हुकलेले नसते. ते हुकणार हे आधीच ठरलेले असते.

पंज्याची बोटे विजेच्या कॉइलने मिटतात. कॉइलला किती व्होल्टेज मिळते त्यावर पकड अवलंबून, आणि ते व्होल्टेज मालकाला कमीजास्त करता येते. अनेक यंत्रांत याहून पुढची सोय असते: किती खेळांमागे एकदा घट्ट पकड द्यायची, हा आकडाच भरून ठेवता येतो. समजा, टेडी मालकाला 150 रुपयांना पडला आणि एका खेळाचे 30 रुपये आहेत. वीस खेळांमागे एकदा घट्ट पकड ठेवली, की 600 रुपये जमल्यावर 150 चे बक्षीस जाते. उरलेल्या एकोणीस खेळांत नेम कितीही अचूक असला, तरी पंजा टेडी बहुधा सोडूनच देणार.

मालकाने नफा कमवू नये असे मी म्हणत नाही. जागेचे भाडे आहे, वीज आहे, माणसांचे पगार आहेत. माझा आक्षेप त्या जॉयस्टिकला आहे. जॉयस्टिक सांगते की निकाल तुझ्या हातात आहे. आतला हिशेब सांगतो की नाही. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला आपण नशिबावर पैसे लावतो आहोत हे ठाऊक असते. त्या अर्थी लॉटरी या पेटीपेक्षा प्रामाणिक आहे.

आपला कायदा अजून कौशल्य आणि नशीब या जोडीतच अडकला आहे. मुंबई इलाख्यात 1887 साली झालेल्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले, आणि महाराष्ट्रात ते कलम आजही आहे. न्यूयॉर्कमध्येही वाद याच अंगाने गेला. तिथे 1942 पासून पिनबॉलवर बंदी होती. 1976 मध्ये रॉजर शार्प या तरुणाने नगरसेवकांसमोर चेंडू कुठून जाणार हे आधी सांगून तो तसाच घालवला, आणि बंदी उठली. पिनबॉलच्या यंत्राला ते शोभले, कारण तिथे चेंडू खरोखरच खेळणाऱ्याच्या हाताला प्रतिसाद देत होता. पंज्याच्या यंत्रासमोर शार्पसारखा वाकबगार खेळाडू उभा केला, तरी सैल पकडीपुढे त्याचे काय चालणार? आपल्या सर्वोच्च न्यायालयाला या धोक्याची जाणीव आहे. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या 1995 च्या खटल्यात व्हिडिओ गेमवरचे परवान्याचे नियंत्रण कायम करताना, यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याची जिंकण्याची संधी घटवता येते, हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला होता. म्हणून विचारायला हवे ते हे, की यंत्र जे दाखवते तेच करते का.

जत्रेतल्या रिंगवाल्याचेच पाहा. त्याची रिंग वस्तूवर जेमतेम बसते, जिंकणे कठीणच. पण रिंग हातात घेऊन पाहता येते, वस्तू डोळ्यांसमोर असते, शेजारचा कसा फेकतो ते दिसते. कठीण असणे हा अन्याय नाही. अडचण लपवणे हा अन्याय आहे.

ही लपवाछपवी कुठवर जाते, ते जपानमध्ये दिसले. डिसेंबर 2017 मध्ये ओसाका पोलिसांनी अशा यंत्रांचे दुकान चालवणाऱ्यांना अटक केली. यंत्रे जिंकता येऊ नये अशी लावलेली होती, आणि कर्मचारी मधूनच सेटिंग बदलून ‘बघा, किती सोपे आहे’ म्हणत स्वतः बक्षीस काढून दाखवत, असा आरोप होता.

‘लोक मजेचे पैसे देतात, बक्षिसाचे नव्हे,’ असा युक्तिवाद नेहमी होतो. मजेसाठी पैसे देणे योग्यच आहे. व्हिडिओ गेमवर बक्षीस नसते, तरी मुले खेळतात. पण मग पेटीत टेडी कशाला? बक्षीस समोर ठेवून बोलावले असेल, तर ते मिळण्याची वाट कशी आहे हे सांगणे भाग आहे. त्यातून खेळणारी बहुतेक मुले. शक्यता म्हणजे काय, हे आठ वर्षांच्या मुलाला शाळेत अजून शिकवलेलेही नसते.

हे बदलता येते, आणि धंदा न बुडवता. तैवानमध्ये अशा यंत्रांवर हमीची किंमत लावावी लागते. तेवढे पैसे सलग घातले, की वस्तू हाती पडेपर्यंत पंजा घट्ट धरतो. नशीब किंवा हातोटी साथ देईल त्याला ती आधी मिळते. नाही तर जास्तीत जास्त किती जातील हे पहिल्या नाण्याआधीच कळते. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, विक्री वाढवण्यासाठी बक्षीस देऊ करायचे पण ठरल्याप्रमाणे द्यायचे नाही, असा हेतू ठेवणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. त्याच विचाराने गेम झोनच्या परवान्यात दोन अटी घालाव्यात: घट्ट पकड किती खेळांमागे एकदा मिळते ते काचेवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे, आणि हमीची किंमत त्याच्या शेजारी.